गॅलरीच्या दारातला गणपती

मूर्ती नऊ इंचांची घ्या, असं मी उन्हाळ्यापासून कानीकपाळी ओरडत होते. आमच्या ह्यांनी दीड फुटाची आणली. हमरापूरहून, भाड्याच्या गाडीत, मांडीवर घेऊन. दारात उभं राहून वर मलाच म्हणाले, "भाकरतुकडा आण गो, बघत काय राहिलीस?"

बोलणार काय, कपाळ? माणूस आयुष्यभर पेणच्या कारखान्यात मूर्तींची आखणी करत आला. आखणी म्हणजे डोळे रंगवायचं काम. आता हात थरथरतो, तरी घरच्या गणपतीचे डोळे दुसऱ्या कुणाला काढू देत नाही. उजवं मनगट डाव्या हाताने धरून स्वतः काढतो. नऊ इंचांच्या मूर्तीचा डोळा तांदळाएवढा. तो आता त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मोठी मूर्ती. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं असतं तर मी एवढी भांडले नसते.

पेणच्या घरी गणपतीला अख्खी एक खोली होती. तिथून आम्ही रोह्याला आलो ते लेकीमुळे. ती इथल्या कंपनीत कामाला आहे. "तुम्ही दोघं तिकडे एकटे, काय झालं म्हणजे?" असं दोन वर्षं घोकून शेवटी तिने आपल्या घराजवळ आम्हाला तिसऱ्या मजल्यावर जागा बघून दिली. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आणि बाहेरच्या खोलीला लागून एक गॅलरी, तीही दोन पाट मांडले की भरली. संपलं घर.

एवढ्याशा जागेत देव आणि त्याचं मखर बसवायचं म्हणजे आपण जिन्यात राहायला जायचं. टीव्ही फ्रीजवर चढवला. दोन खुर्च्या शेजारी पाठवल्या. दिवाण काही हलेना. उरली एकच भिंत, आणि तिच्यात गॅलरीचं दार. ह्यांनी जेवणाचं टेबल त्या दारापुढेच आडवं लावलं, वर पाट ठेवला, मागे माझ्या दोन जरीच्या साड्या चुण्या घालून बांधल्या. दिसत होतं झकास, खोटं कशाला बोलू? पण दार आता जेमतेम दीड वीत उघडत होतं. हे पडले काडीपैलवान, अंग चोरून सटकन बाहेर जायचे. माझं म्हणाल तर मला तिथून एक खांदा बाहेर काढता आला नसता.

"अहो, कपडे कुठे वाळत घालू?"

"पाच दिवस नको घालूस."

असा आमचा संसार. सणाला म्हणून मी डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या, तर त्यावरही बोलले, "बरं झालं, आता तू कुठं हायस ते न बघता कळंल." मी म्हटलं, या घरात मी कुठे असणार, एकतर चुलीपाशी नाहीतर तुमच्या डोक्यावर.

लायटिंगची माळ तेवढी राहिली होती. ती गॅलरीच्या गजांना लावायची त्यांची हौस. डॉक्टरांनी स्टुलावर चढायला साफ मनाई केलेली, कारण शुगर आहे आणि चक्कर येते. मी माझ्या गळ्याची शपथ घातली. "नाय चढत गो बाय," म्हणाले.

चतुर्थीला सकाळी भटजी येऊन गेले. प्राणप्रतिष्ठा झाली. एकदा ती झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती तसूभरही हलवायची नाही, हे आमच्याकडे फार कडक. पेणला एका वर्षी नेमकं मूर्तीवरच कौल गळायला लागलं, तर सासूबाईंनी देव हलवू दिला नाही. आम्ही पाळीपाळीने वर छत्री धरून बसलो. "बसलेला देव हलवला की घरातलं माणूस हलतं," असं त्या म्हणायच्या. मी तेव्हा नवी नवरी होते. ते वाक्य माझ्या हाडात जाऊन बसलंय.

तर मी आत मोदक उकडत होते. लेक पहिल्या शिफ्टला गेली होती, दुपारनंतर येणार होती. आधी स्टूल घसरल्याचा आवाज आला. मग धप्प. मग काहीच नाही.

"अहो!" मी ओरडत बाहेर धावले. खोलीत कुणी नाही. दाराच्या फटीतून गॅलरीतला त्यांचा एक पाय दिसला. चप्पल निसटलेली. माळ त्याच पायावर पडून लुकलुकत होती, लाल, हिरवी, लाल, हिरवी. शॉक बसला की काय! मी आधी बटण बंद केलं. "अहो, ऐकू येतंय का?" मी फटीत खांदा घातला, तो अडकला. पोट टेबलाच्या कडेला लागलं. टेबलाला धक्का बसला आणि वर मूर्ती किंचित डुलली.

माझा हात आपोआप मागे आला.

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला फक्त ते टेबल ओढायचं होतं. तेवढंच. आणि मी हात जोडून उभी राहिले. नवरा तीन हातांवर पडलेला आणि मी देवापुढे उभी! सासूबाईंचा आवाज कानात येत होता. मला वाटलं, मी हे टेबल हलवलं आणि ह्यांचं काही बरंवाईट झालं, तर ते पडल्यामुळे नाही, माझ्या हलवण्यामुळे होईल. आणि नाही हलवलं तर? लेकीला फोन करावा तर कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करतात. आत मोदकांच्या भांड्याचं झाकण खडखडत होतं. किती वेळ उभी होते? एक मिनिट असेल, पाच असतील. मला खरंच माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची भीती वाटते.

सणाचं म्हणून आमचं दार उघडंच होतं. माझी हाक ऐकून शेजारची पोरगी आली, तिच्याकडेच खुर्च्या ठेवल्या होत्या. तिचा नवरा दुबईला असतो, एकटी तिन्ही पोरं सांभाळते. तिने फटीतून पाय बघितला. "या अल्ला! काकी, काका पडलेत!" म्हणत टेबलाकडे झेपावली आणि हात हवेतच थांबवून माझ्याकडे वळली. "काकी, मी मूर्तीला हात लावला तर चालंल ना?"

तिला थांबलेली बघितलं आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आता आम्ही दोघी थांबलो होतो.

"धर गो बाय, धर! विचारतेस काय!" मी किंचाळले.

समई वाटेत होती, ती मी फुंकर मारून विझवली. होय, तोंडाने फुंकर मारली. तिने गणपतीला दोन्ही हातांनी कवटाळलं, मी टेबल ओढलं. देवा, माफ कर, माफ कर, एवढंच तोंडातून येत होतं. टेबल कर्र करत फिरलं, साडी टरकली, मूर्ती वाकडी होऊन गॅलरीकडे तोंड करून राहिली. आम्ही दोघी बाहेर घुसलो.

ते घामाने निथळत होते. डोळे अर्धे उघडे, ओठ हलत होते पण शब्द नाही. "शुगर उतरली असंल, आमच्या अब्बांचं असंच व्हायचं," ती म्हणाली आणि आत पळून मोदकांच्या सारणातून उरलेला गूळ घेऊन आली. मी तो बोटाने त्यांच्या हिरडीला आतून लावत राहिले. कधीतरी त्यांनी तो चाटला. तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

दवाखान्यात कळलं, आरती होईपर्यंत उपाशी राहिले होते आणि गोळी मात्र सकाळीच घेतली होती. उजवं मनगट मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, वेळेत आणलंत हं." मी मान खाली घातली. तोवर शिफ्ट संपवून आलेली लेक म्हणाली, "आई आहे म्हणून." मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

भटजींना फोन केला. त्यांनी क्षमा मागून पुन्हा पूजा करा म्हणून सांगितलं, आवाजही चढवला नाही. गणपती पाच दिवस तसाच तिरका बसला. मी त्याच्याकडे सरळ बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी हे दिवाणावर टेकून बसले होते, हात प्लास्टरात. मी डाळभात भरवत होते. अचानक म्हणाले, "पडलेलो ना, तवा मला सगळं ऐकू येत होतं. बोलता येत नव्हतं, पन ऐकू येत होतं."

चमचा तसाच हातात राहिला.

"तुझ्या बांगड्या धावत आल्या. हाक मारलीस. मग दारापाशी बांगड्या एकदम बंद झाल्या. लय वेळ." त्यांनी श्वास घेतला. "मला वाटलं, तू पन पडलीस. तवाच काय तो मी घाबरलो."

मला खोटं बोलता आलं असतं. "पडले नव्हते हो," मी म्हटलं. "उभी होते. नुसती उभी होते मी."

"उभी होतीस ना?" ते म्हणाले. "मग बरं." आणि त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.