एक नाव

रविवारी सकाळी माझी दहा वर्षांची मुक्ता गॅलरीत सुपरहिरोचं कॉमिक वाचत होती. शेजारचे अण्णा पेपर मागायला आले आणि तिच्या मागेच थबकले. चित्रात सरकारी माणसं एका पकडलेल्या वीराला त्याच्या मुखवटेवाल्या साथीदारांची नावं विचारत होती.

"आणीबाणीत आम्हालाही असंच विचारायचे," अण्णा म्हणाले. कॉलेजात असताना पत्रकं वाटताना ते पकडले गेले होते, एवढंच मला ठाऊक होतं.

मुक्ताने मान वर केली. "तुम्ही नाही ना सांगितलीत?"

"एक सांगितलं," अण्णा म्हणाले, आणि पेपर न घेताच परत गेले.

तेव्हापासून मला चैन नाही. कॉमिकची ती गोष्ट रचणाऱ्यानेही कुठल्यातरी खऱ्या देशातली चौकशी पाहिली असेल. फक्त आपल्या वीराला त्याने न थकणारं शरीर दिलं. अण्णांचं तेव्हा वय असेल एकोणीस.

"बाबा, तू सांगितली असतीस?" अण्णांची पाठ वळताच मुक्ताने विचारलं होतं.

"नाही" म्हणायला मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती. मी अण्णांचा राहिलेला पेपर उचलला आणि त्यांच्या दाराकडे निघालो.