घडी करून ठेवलेला प्रश्न

कमी मार्क मिळालेलं पोर समोर आलं की आपांना हसू फुटायचं. कुत्सित नव्हे, पुष्कळ दिवसांनी माहेरचं माणूस दारात दिसल्यावर बायका हसतात तसं. माझ्या पहिल्या मॉकचा, म्हणजे सराव परीक्षेचा, निकाल त्यांनी माझ्या मोबाईलवर पाहिला आणि त्या गल्ल्यावरून उठून थेट बाहेरच आल्या. "अकरा! दोनशेत अकरा! अगं फुलंब्री, ऊपर जाने को कितनी जगा है तेरे पास!" असं भर बाजारात ओरडून त्यांनी शेजारच्या हलवायाकडून गरम इमरती मागवली. मी रडायच्या तयारीनं आले होते. पण तोंडात गरम इमरती असली की माणसाला नीट रडता येत नाही. निम्मं रडून मी दुसरी मागितली.

आपांचं शहागंजात कापडाचं दुकान होतं. खाली साड्या, ड्रेसचं कापड, थानांच्या, म्हणजे कापडाच्या ताग्यांच्या, उतरंडी, आणि वरच्या माडीवर एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा क्लास. गणितात एम.एस्सी. केलेल्या आपा दिवसभर खाली कापड फाडायच्या आणि संध्याकाळी वर येऊन आम्हाला शिकवायच्या. हाताला टेप लटकलेला असायचा, तो फळ्यावर सरळ रेघ ओढायला उपयोगी पडे. शहरात काचेच्या दारांचे मोठे क्लास होते. मी आधी तिथंच जाऊन आले होते. तिथं मला कोणत्या बॅचची एवढंच विचारायचे. आपांनी पहिल्याच दिवशी कुठून येतेस विचारलं, मी फुलंब्री म्हणाले, आणि तेच माझं नाव झालं. माझ्या शेजारी बसायचा तो सिल्लोड. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव मला क्लास संपेपर्यंत माहीत नव्हतं.

आपांचं बोलणं मराठीत निघायचं आणि दखनीत पोचायचं. लाडात आल्या की "हौ रे", "नक्को रे", "कायकू रडती" असं सगळं गोड चालायचं. राग आला की मात्र स्वच्छ, शाळेच्या पुस्तकासारखं मराठी बोलत. "आपण हा प्रश्न का सोडवलात, ते कृपया सांगाल का?" असं त्या म्हणाल्या की सिल्लोडचं पाणी पाणी व्हायचं.

मला हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागलं, कारण माझा आजार घराण्यातून आलेला होता. आमच्याकडे भांडण सोडायचं नाही, बांध सोडायचा नाही आणि पेपरात प्रश्न सोडायचा नाही, असे तीन नियम. त्यात शाळेतल्या गुरुजींनी बजावलेलं, पेपर कोरा ठेवू नका, काहीबाही लिहा, मास्तर एखादा मार्क देतोच. या परीक्षेत मास्तरच नव्हता. कॉम्प्युटर होता, आणि तो चुकलेल्या उत्तराला उलट मार्क कापून घ्यायचा. तरी मी सगळेच्या सगळे प्रश्न सोडवून आले होते. दोन नळ टाकी भरतात आणि तिसरा रिकामी करतो, त्या गणिताशी तर मी एवढा वेळ झटले होते की तेवढ्यात खरी टाकी भरून वाहिली असती.

आपा बरोबर उत्तर कधी आधी सांगत नसत. त्या चुकलेल्या प्रश्नावर बोट ठेवून एवढंच विचारत, "इथं का बसून राहिलीस?"

"येत होतं, आपा."

"येत होतं म्हणजे आलं नाही."

तरी मी बोलायचे. पायऱ्या समजावून द्यायचे, चूक शेवटच्या ओळीत कशी झाली ते दाखवायचे. आपा शांतपणे ऐकून घेत. असं दोन-तीन आठवडे चाललं, आणि मग एका रविवारी त्यांनी मला वर जाऊच दिलं नाही. लग्नसराई होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. "आज क्लास खालीच," म्हणून त्यांनी माझ्या हातात टेप दिला आणि मला काउंटरमागे उभं केलं.

माझ्या वाट्याला एक बाई आल्या. त्यांना निळा रंग हवा होता, पण हा निळा नको, तो निळा नको. मी इरेला पेटले. थानामागून थान उघडत गेले. निळ्याचं जांभळं झालं, जांभळ्याचं मोरपंखी झालं, काउंटरवर कापडाचा डोंगर झाला. बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून बघून निघून गेली. शेवटी बाई म्हणाल्या, "बघते हं, घरी विचारून येते," आणि गेल्या. पलीकडे आपांनी तेवढ्या वेळात अख्ख्या वऱ्हाडाचं कापड फाडलं होतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर आपांनी माझ्याकडून ती सगळी थानं घडी करून घेतली. घडी घालता घालता म्हणाल्या, "घेणारं गिऱ्हाईक कापड बघतं, न घेणारं दुकान बघतं. ती पंख्याकडे बघत होती. तुला कळलं नाही?"

"कळलं होतं," मी म्हणाले. "पण तोवर इतकी थानं उघडली होती..."

"हां! वहीच तो!" आपांनी काउंटरवर थाप मारली. "उघडलेल्या थानांची लाज वाटते म्हणून आणखी उघडायची? घडी कर, बाजूला ठेव, हसून सांग, फिर आना. बाद में टाइम रहा तो वो भी देखेंगे. लेकिन पैले पुढचं गिऱ्हाईक!"

आता खरं तर इथं माझे मार्क वाढायला हवे होते. ते कमी झाले. पुढच्या मॉकमध्ये मी इतक्या उत्साहानं प्रश्न सोडले की अकराचे नऊ झाले. आपांना हसून हसून ठसका लागला. "अगं, तू तर सगळंच गिऱ्हाईक हाकललंस! शटर ओढून घरीच जायचं ना!" त्या दिवशी इमरती दुप्पट आली.

खोटं कशाला सांगू, मला त्या हसण्याची सवय लागली होती. घरी वातावरण निराळं होतं. चिकलठाण्याच्या कंपनीत माझी बरी नोकरी होती, ती सांभाळून मी क्लास करत होते, आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सगळंच उपद्व्याप वाटत होतं. आदल्या वर्षी मी एकदा परीक्षा देऊन आपटले होते. "दसऱ्यापर्यंत बघतो," त्यांनी सांगून टाकलं होतं. "नाय जमलं तर गुमान नोकरी करायची. लई झालं हे." परीक्षा दिवाळीनंतर होती. दर रविवारी मी एसटीतून उतरले की ते पारावरूनच विचारत, "किती?" मी नऊ म्हणाले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "मागल्या वेळी अकरा व्हते ना?" आणि उठून घराकडे चालू लागले. मला ते फार लागलं.

मग मात्र मी हट्टानं सोडायला शिकले. हसू नका, आमच्या घराण्यात सोडायलासुद्धा हट्टच लागतो. पहिल्या फेरीत फक्त घेणारी गिऱ्हाइकं. जो प्रश्न दोन ओळींत ओळखीचा वाटत नाही, त्याची घडी. स्क्रीनवर एक बटण असतं, ते दाबलं की तो प्रश्न खूण करून बाजूला राहतो आणि वेळ उरला तर परत जाता येतं. हळूहळू मार्कांची तिशी आली, मग चाळिशी, पन्नाशी. तसतशी इमरती अर्धी झाली, मग बंद. आपा फक्त चहा सांगायच्या. माझा पहिला नुसता चहा आला तेव्हा सिल्लोडनं उठून माझ्याशी हात मिळवला.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अण्णा शहागंजात आले. मला न सांगता. मी माडीवर होते, खालून आवाज ओळखला आणि जिन्यातच थबकले.

"साडीबिडी नाय बघायची मला," अण्णा म्हणत होते.

"हौ, नका बघू. नुसतं बसा. चहा घेणार ना?" आपा म्हणाल्या.

"मॅडम, सरळ बोलतो. पोरगी दोन वर्सं झाली घासतीय. हिचं डोकं हाय का यात, ते सांगा. नसंल तर मी आज तिला घेऊन जातो."

आपांनी बहुतेक थान सरकवलं असावं, तसा आवाज आला. "डोकं आहे अण्णा. हट्ट त्याहून जास्त आहे. कुणावर गेलीय?"

"आईवर," अण्णा ठामपणे म्हणाले. तिथं माझी आई उभी असती तर तिनं लाटणं फेकून मारलं असतं.

"तो हट्ट आता कामाला लागलाय," आपा म्हणाल्या. "दसऱ्याला थांबवू नका. परीक्षेच्या दिवसापर्यंत द्या. तवर मी जामीन."

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अण्णा म्हणाले, "ती हिरवी दाखवा बरं जरा."

ते हिरवी साडी काखेत मारून गेल्यावर मी धावत खाली आले. तुम्ही कशा घाबरला नाहीत, विचारलं. आपा टेप गुंडाळत होत्या. "घेणारं गिऱ्हाईक होतं गं. नाही म्हणायला आले, पण चपला कशा जोडून ठेवल्या होत्या पाहिलंस का? भांडायला आलेला माणूस चपला भिरकावतो."

त्याच संध्याकाळी मी त्यांना विचारून घेतलं, तुम्ही स्वतः का नाही केलंत एमबीए? त्यांनी सहज सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. माझ्याएवढ्या असताना त्यांनी ही परीक्षा दिली होती, एका चांगल्या संस्थेचं मुलाखतीचं बोलावणंही आलं होतं. तेवढ्यात अब्बांना अर्धांगवायू झाला, भाऊ दुबईत, दुकानात बसायला कुणी नाही.

"मग?"

"मग काय? घडी करके रखा है," असं म्हणून त्यांनी हातातलं थान फळीवर सरकवलं. मला ते विनोदानं बोलल्यासारखं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी दुसऱ्याच प्रश्नात नळ आणि टाकी भेटली. जुनी दुश्मनी. हात शिवशिवले. मी मनातल्या मनात म्हणाले, फिर आना, आणि पुढे गेले. शेवटी थोडा वेळ उरला तेव्हा परत आले. टाकीचं गणित तरीही आलं नाही. पण तिच्याबरोबर बाजूला ठेवलेली दुसरी दोन आली.

निकाल लागला, मुलाखत झाली, आणि लांबच्या एका चांगल्या संस्थेत मला प्रवेश मिळाला. सांगायला गेले तर आपा हसल्याच नाहीत. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अब इमरती नहीं मिलती तेरेकू," आणि चहा मागवला. आम्ही दोघींनी तो फुंकून फुंकून प्यायला. निघताना त्यांनी मोरपंखी कापड हातात दिलं. त्या बाईंच्या डोंगरातलं होतं ते. दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणतात तेच म्हटलं, "फिर आना." मला त्या वेळी थोडा रागच आला. मी काय गिऱ्हाईक होते?

पुढे पुण्यात नोकरी लागली. फोन होत राहिले. सिल्लोडला दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळाला, आपांचे भाईजान दुबईहून कायमचे परत आले आणि गल्ल्यावर बसू लागले, हे कळत गेलं. गेल्या रविवारी सकाळी फोन वाजला. उचलला तर पलीकडून नुसतं हसणं. थांबेचना.

"फुलंब्री," अखेर आवाज आला, "मॉक दिया."

"कुणी?"

"मैं ने, और किसने? भाईजान बोले, दुकान मैं देखता हूं, तू तेरा देख. वयाची अट नसते ना गं याला? मी वाचलंय, नसते."

"किती?" मी विचारलं. पारावरच्या अण्णांसारखं.

"चौदा! तेरे से तीन ज्यादा!"

मी निकालाचा फोटो पाठवायला सांगितला. आला. मोठा करून पाहिला. एकही प्रश्न रिकामा नव्हता. आम्हा सगळ्यांना सोडायला शिकवणाऱ्या बाईनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळेच्या सगळे सोडवले होते, इंग्रजीच्या उताऱ्यांवर ढीगभर मार्क कापून घेतले होते.

"आपा," मी शुद्ध मराठीत म्हणाले, "आपण हे सगळे प्रश्न का सोडवलेत, ते कृपया सांगाल का?"

मग त्या हळूच म्हणाल्या, "सोडवेना गं. इतने साल बाद हाथ में आए थे. एकेक को देख के आना, ऐसा लगा."

मला हसू फुटलं. मोठ्यानं, भर बाजारात यावं तसं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते, आणि पलीकडे आपाही हसत होत्या. फोन ठेवला आणि मी शहागंजातल्या त्या हलवायाला लावला. शेजारच्या दुकानात पाठवा म्हणाले, आणि गरम पाठवा.