अर्धी भाकर

पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावरचं पस्तिशीच्या आतलं जवळजवळ प्रत्येक माणूस लंकाबाईच्या हातावर जन्माला आलेलं. त्यामुळे ती सरपंचालाही अरेतुरे करायची, आणि तो गुरगुरलाच तर जन्मताना कसा केकाटला होता ते चारचौघांत करून दाखवायची. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. सुईणपण सुटलं, तरी नर्सबाईंनी तिला सोडलं नव्हतं. गरोदर बायकांच्या घरी जायचं, गोळ्या खाल्ल्या का ते बघायचं. नर्सबाईंचं पाड्यावर कोण ऐकतंय? लंकाबाईचं ऐकायचे.

नवसाबाईची सून मोहिनी सातव्या महिन्यात द्राक्षबागेच्या कामावरून परतली ती काडी होऊन. अंगात रक्त नाही, बाळाची वाढ नाही. असंच राहिलं तर बाळ हाती लागायचं नाही, असं नर्सबाई म्हणाल्या.

लंकाबाई मुद्दाम जेवणाच्या वेळी गेली. मोहिनीच्या ताटात नागलीची अर्धी भाकर. रक्तवाढीच्या गोळ्या कणगीमागे पडलेल्या, पाकीटही न फोडलेलं.

"अगं, पोरीला उपाशी मारतीस काय?" लंकाबाई तडकली.

नवसाबाई हसली. "तूच ना सांगितलं व्हतं? शेवटाला पोट हलकं ठेवायचं, मंग बाळ लहान ऱ्हातं नि बाई सुखानं सुटते. गोळ्यांनी तर बाळ लय मोठं व्हतं म्हणं. पयल्या खेपेला मी दोन महिने अर्धीच भाकर खाल्ली. सुटले का नाय?"

सुटली होती. मुलगी झाली होती, वांग्याएवढी. आठव्या दिवशी गेली. सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं, असं तेव्हा लंकाबाईनंच तिला जवळ घेऊन सांगितलं होतं. खोटं बोलत नव्हती ती, तिला तसंच वाटत होतं. खरं काय ते पुढे नर्सबाईंच्या शिबिरात कळलं, आणि तेव्हापासून ती ते गिळून बसली होती.

आताही आपली चूक न सांगता, डॉक्टर खायला सांगतात म्हणून मोकळं होता आलं असतं. पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून नवसाबाई भाकर वाढणार नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी चुकीचं सांगितलं, नवसा. आई उपाशी तर बाळबी उपाशी. अशीच जातात बाळं."

नवसाबाईचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग म्हणाली, "म्हंजे, माझी पोर?"

"हां."

तव्यावरची भाकर करपायला लागली होती. नवसाबाईनं ती उतरवली आणि अख्खी मोहिनीच्या ताटात टाकली. लंकाबाईकडे तिनं पाहिलं नाही.

मोहिनीला दवाखान्यात मुलगा झाला, सव्वादोन किलोचा. पाचवीच्या पूजेला सुईणीला बोलावून लुगडं द्यायची पाड्याची रीत. बाळंतपणं दवाखान्यात गेली तरी लंकाबाईचा तो मान कुणी मोडला नव्हता. पाचव्या दिवशी ती न्हाऊन, केस विंचरून ओट्यावर बसली. कळत होतं, तरी बसली. दिवस कलला, बोलावणं आलं नाही. नवसाबाईच्या घरातून बाळाचं रडणं तेवढं ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत. ते ऐकून तिचे डोळे भरून आले.

पाड्यावरच्याच भिकनच्या सुनेला सहावा महिना लागला होता. भिकनच्या बायकोचंही एक बाळ असंच गेलं होतं. उद्या तिथे जायचं होतं.