बारा पेरांचा हात

"तपासून सांग बे," असं म्हणत मास्तर डाव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या पेरांवरून फिरवत. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा. लोक दहा-दहानं मोजतात, हे बारा-बारानं मोजत. उजव्या हातात सागाची पट्टी असे आणि ती मोजमाप पाळत नसे.

असे शिकवणीवाले तुम्हीही पाहिले असतील, पण सक्करदऱ्यातले आमचे मास्तर जरा वरचढच. उत्तर चुकलं की पट्टी; बरोबर आलं, पण तपासलं नसेल, तरी पट्टी. दारात गाडी आडवी लावणाऱ्या एकाला त्यांनी कॉलर धरून नालीत बसवलं आणि आत येऊन उरलेलं गणित पुरं केलं.

फळ्यावर ते तीन एक मांडत. १११. "बारानं मोजा." म्हणजे बारा वेळा बारा, मग एक बारा, मग एक. एकशे सत्तावन्न. "मूळ संख्या आहे. कोणाच्या बापाच्यानं भागत नाही."

"तेरानं भागते," मी न तपासता बोललो. तळहातावर मोजून बारा फटके बसले. चरफडत निघालो, तळ्याच्या वळणावर सायकलवरून पडलो आणि करंगळी मोडली. घरी बाबांनी सुजलेला हात धरला.

"कोणं केलं हे?"

"मास्तरनं," मी म्हणालो. मला तेव्हा त्यांचा एवढा राग आला होता.

बाबांचं मटणाचं दुकान होतं. ते सत्तूर घेऊनच निघाले. मी मागे धावलो.

"माह्या पोट्ट्याचं बोट मोडतो का बे?"

मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. वार अडवायला डावा हात वर केला आणि त्यांची करंगळी फळ्याखाली पडली. खडूचा डबा रक्तानं भरला. रोज बोकड कापणारे माझे बाबा भिंतीला टेकून ओकले.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात बोट जोडता आलं नाही. पोलिसांना मास्तर म्हणाले, "कूलरच्या पंख्यात गेलं." त्यांच्या घरी कूलर नव्हता. बाबा तुरुंगात जायचे वाचले.

महिन्याभरानं शिकवणी सुरू झाली. फळ्यावर पुन्हा १११.

"आता नऊच पेरं उरले. नवानं मोजा." एक्याऐंशी, नऊ आणि एक. एक्याण्णव.

"सांग गा, तेरानं भागते का?" त्यांनी मलाच विचारलं.

सात तेरे एक्याण्णव. भागत होती.

"आता तुहं उत्तर बरोबर आहे. नवानं मोजलं तर कितीही एक मांडा, मूळ संख्या होतच नाही. तपासून पाहा." त्यांनी पट्टी उचलली नाही. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेले. अंगणात तिरडी बांधून होत होती. त्यांचा डावा हात कापडाबाहेर राहिला होता. म्हातारे झालेले बाबा त्याच्याकडेच बघत होते.

"त्यानं पोलिसाले माहं नाव काहून नसन सांगितलं गा?"

इतकी वर्षं गिळलेलं मी सांगून टाकलं. "बाबा, मी सायकलवरून पडलो होतो. मास्तरनं बोट मोडलं नव्हतं."

बाबांनी सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. मग खाली बसले आणि मास्तरांचा तो हात दोन्ही हातांत धरला. तिरडी उचलायला माणसं वाकली, तरी ते सोडेनात.