यादी न वाचता घेतलेला प्रोसेसर

घरांचे नकाशे काढणं हा माझा धंदा. त्यासाठी नंदनवन वस्तीतल्या घरी पुढच्या खोलीत एक जुनं वर्कस्टेशन आहे, गव्हाच्या पोत्याएवढं जड. तीन मजल्यांचा नकाशा उघडायला घेतला की चहा करून, पिऊन, कपही विसळून होई. बायको म्हणायची, "नवीन घेऊन टाका ना!" पण नवीन घेणं हे अडाण्यांचं काम, अशी माझी समजूत. मी फक्त प्रोसेसर बदलणार होतो.

आठवडाभर इंटरनेटवर अभ्यास केला. अभ्यास म्हणजे, मला हवं तेच सांगणारी माणसं शोधली. मग जुना प्रोसेसर काढून, डबीत घालून सीताबर्डीतल्या एका दुकानात गेलो.

गालात तंबाखूचा खर्रा धरून, एक नवा प्रोसेसर पुढे ठेवत दुकानदार म्हणाला, "हा बसते ना भाऊ! सॉकेट सेम आहे. मशीन घेऊन या, मी बसवून देतो."

"मला येतं," मी म्हणालो. जुना प्रोसेसरही बदल्यात देऊन टाकला.

घरी नवा प्रोसेसर चपखल बसला. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा मात्र काळा. तेव्हा कुठे मी मोबाइलवर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीची, कोणते प्रोसेसर चालतात त्याची यादी वाचली. हा प्रोसेसर चालतो, पण आधी बोर्डातलं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट करावं लागतं. आणि तेही जुना प्रोसेसर लावूनच.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन जुना प्रोसेसर परत मागितला. दुकानदारानं खिशातून स्कूटरची चावी काढली. तिला माझा प्रोसेसर लटकत होता, कोपऱ्यात भोक पाडलेला.

"काहून सांगितलं नाही गा काल?" तो माझ्यावरच चिडला. मग खण उपसून त्याच जातीचा दुसरा काढला. "काम झालं की वापस आणा. माझा साळाही असंच किचेन मागून राहिला."

त्या उसन्या प्रोसेसरवर अपडेट झालं आणि मशीन खरंच झपाट्यानं चालू लागलं. परत करायला गेलो तर काटोलचा एक फोटोग्राफर आपला जुना कम्प्युटर घेऊन, त्यात नवा प्रोसेसर बसवून घ्यायला उभा होता.

"यांना विचारा," दुकानदार म्हणाला, "हे एक्स्पर्ट आहेत."

त्यातली चेष्टा मला कळली. तरी मी त्या माणसाला अर्धा तास बायोस समजावलं, जणू ते मीच लिहिलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि नवाकोरा कम्प्युटर घेऊन तो काटोलच्या बसमध्ये चढला.