सात वाजताचा खेळ

त्रेचाळिसाव्या वर्षी बाईने व्हिडिओ गेम खेळणं आमच्या सोसायटीत अजून शोभत नाही. शेजारच्या काकू मला एकदा जिन्यात म्हणाल्या, "अगं, काहीतरी छंद लावून घे." मी म्हटलं, "लावलाय की, काकू. राक्षस मारते." त्यानंतर त्या विषयावर त्या बोललेल्या नाहीत.

मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. आईचं म्हणणं असं की नोकरीमुळे माझा स्वभाव असा झालेला नाही, स्वभावामुळे नोकरी मिळाली. खराडीच्या ऑफिसातून येरवड्याला घरी आलं की मला कुणाशी बोलायचं नसतं. लोक चालायला जातात, मी टीव्हीला जोडलेलं यंत्र चालू करते आणि जपानी गेम खेळते. त्यात आपली चार माणसं असतात. एक तलवारवाला, एक औषधं देणारी मुलगी, एक मंत्र टाकणारा म्हातारा आणि एक चोर. ती गावोगाव हिंडतात, राक्षस आडवे येतात, लढाई होते. पण घाई नसते. आपली पाळी आली की राक्षससुद्धा उभा राहून वाट बघतो. तुम्ही चहा टाकून आलात तरी तो तिथेच असतो. इतका सभ्यपणा मला नगर रोडवर आजवर कुणी दाखवलेला नाही.

माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. खडकवासल्याला धरणातल्या पाण्याची पातळी रोज मोजायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी वही काही सुटली नाही. गॅसचा सिलिंडर कधी लावला, टाकी कधी धुतली, रविवारी विहारात कोण कोण आलं होतं, सगळं तारखेनिशी. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता ऑपरेशनचा उपयोग नाही, चार-सहा महिने धरून चला, त्रास होणार नाही एवढंच आपण बघू. मी आत आले आणि म्हटलं, "काही नाही बाबा, अशक्तपणा आहे." त्यांनी मान डोलावली. जन्मभर पातळी मोजलेल्या माणसाला मी शेंडी लावत होते.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट मनाशी धरली. आपण यांना वाचवू शकत नाही, पण यांना दुखू द्यायचं नाही.

एका संध्याकाळी मी खेळत असताना ते माझ्या शेजारी सोफ्यावर येऊन बसले. पडद्यावर एक मोठा खेकडा नांग्या हलवत उभा होता.

"हा थांबलाय कशाला?" त्यांनी विचारलं.

"त्याची पाळी नाहीये."

"बरंय. आमच्या खात्यात कुणी कुणाच्या पाळीसाठी असं थांबलं नाही." मग जरा वेळाने म्हणाले, "आण बघू इकडे."

त्या दिवसापासून खेळ त्यांचा झाला. मी शेजारी बसून सल्ले द्यायची. संध्याकाळी सात ते साडेआठ. साडेआठला आई जेवायला हाक मारायची आणि बाबा म्हणायचे, "बंद कर, साहेब आल्या." इंग्रजी ते सरकारी परिपत्रक वाचावं तसं वाचायचे, सावकाश आणि संशयाने. राक्षसांची इंग्रजी नावं त्यांना मान्य नव्हती. त्यांनी वही उघडली आणि प्रत्येकाची रीतसर नोंद केली. हिरवं लिबलिबीत काही असायचं त्याचं नाव शेंबडं. अंगावर काटे असलेलं जांभळं ते काटेरी वांगं. कोण आगीला भितो, कोण पाण्याला, किती फटक्यांत मरतो, सगळे रकाने आखलेले. मी वीस वर्षं हे खेळ खेळतेय, पण इतका अभ्यास मी कधी केलेला नाही. मी आपली धडक मारायची, हरले की शिव्या द्यायची आणि पुन्हा धडक मारायची.

एका पुलावर एक राक्षस होता, तो काही केल्या हटेना. चार दिवस आम्ही रोज मार खाल्ला. बाबा थकायचे, सोफ्याला मान टेकून डोळे मिटायचे, मग पुन्हा सरळ बसायचे. माझ्याने बघवेना. पाचव्या दिवशी ते बाथरूमला गेले तेव्हा मी खेळाची काठिण्यपातळी गुपचूप 'सोपी' करून ठेवली. परत आले, खेळले, राक्षस पडला. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी आधी वही बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"काल याला सोळा फटके मारून निम्मासुद्धा झाला नव्हता. आज नवात मेला. आजारी आहे का हा?"

मी टाळ्या थांबवल्या.

"आजारी मी आहे. त्याला का उगाच."

मला कबूल करावं लागलं. त्यांनी पातळी पुन्हा होती तिथे आणायला लावली आणि आधी साठवलेल्या जागेवरून ती लढाई परत खेळायला घेतली. अजून दोन दिवस लागले, पण जिंकले. त्या रात्री त्यांनी अर्धी भाकरी जास्त खाल्ली, असं आई चार लोकांना सांगत होती.

आमची खरी भांडणं व्हायची ती औषधावरून. या खेळांत एक कुपी मिळते, ती पाजली की माणूस एका झटक्यात ठणठणीत होतो. अख्ख्या खेळात अशा चार-पाचच मिळतात. हे खेळ खेळणारे सगळे ती कुपी शेवटच्या लढाईसाठी जपून ठेवतात, आणि मी तर कंजूषच. बाबांनी ती मिळाल्या मिळाल्या एका फडतूस खेकड्यासमोर त्या औषधवाल्या मुलीला पाजली.

"अहो बाबा, काय केलंत हे. ते शेवटाला ठेवायचं असतं. पुढे लागेल ना."

"तिला आत्ता लागलंय," ते म्हणाले. "पीक आत्ता वाळतंय आणि पाणी जूनसाठी ठेवायचं? तसले साहेब बघितलेत मी. जूनमध्ये पाऊस येतो आणि साठवलेलं पाणी सांडव्यावरून वाहून जातं."

मी ऐकलं नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की सुटला. शेवटी ते म्हणाले, "बरं बाई, ठेवतो," आणि पुढच्या कुप्यांना हात लावला नाही.

त्यांना आवडायचं ते वेगळंच. पहिल्या गावाबाहेर एक जंगल होतं, तिथे नुसती शेंबडं. आमची माणसं एव्हाना इतकी तयार झाली होती की एका फटक्यात शेंबडं गारद. तिथे जाण्यात काही अर्थ नव्हता. तरी बाबा म्हणायचे, "आज जंगलात चक्कर मारू." मग आम्ही तासभर त्या झाडांमधून फिरायचो. तिथली गाण्याची धून संथ होती. ते मध्येच धरणावरच्या दिवसांबद्दल सांगायचे, मध्येच मला विचारायचे की तुझ्या ऑफिसात सगळं ठीक ना, मध्येच काहीच बोलायचे नाहीत. मला आतून घाई असायची. शेवटचा किल्ला समोर होता. हे आहेत तोवर खेळ पूर्ण व्हावा, त्यांनी शेवट बघावा, असं मला फार वाटायचं. मी म्हणायची, "बाबा, पुढे जाऊ या की." ते म्हणायचे, "जाऊ. किल्ला कुठे पळून चाललाय."

डिसेंबरमध्ये दुखणं वाढलं. डॉक्टरांनी कडक गोळी सुरू केली. एक सकाळी, एक दुपारी चारला, एक रात्री झोपताना. वेळ चुकवायची नाही, दुखायची वाट बघायची नाही, असं बजावून सांगितलं. तरी संध्याकाळी खेळताना त्यांच्या कपाळावर घाम असायचा. ओठ आवळलेले असायचे. मी डॉक्टरांना फोन करून करून वैताग आणला की गोळी पुरत नाहीये, वाढवा.

मग एका रविवारी मी त्यांचा चष्मा शोधताना जुनी चष्म्याची डबी उघडली. आत चष्मा नव्हता. गोळ्या होत्या, अकरा.

मी ती डबी त्यांच्यासमोर आपटली. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. म्हटलं, तुम्हाला दुखतं म्हणून मी डॉक्टरांच्या पाया पडतेय आणि तुम्ही गोळ्या साठवताय? आई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. बाबा शांतपणे म्हणाले, "अगं, पुढे लागतील ना. शेवटाला."

माझेच शब्द होते ते. मला वाटलं, हे मीच शिकवलं. खेळातली माझी अक्कल या माणसाने स्वतःच्या दुखण्याला लावली आणि इतके दिवस कळा सोसल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी बंदोबस्त केला. रोज दुपारी चारला ऑफिसातून व्हिडिओ कॉल. आईने गोळी हातावर ठेवायची, त्यांनी माझ्यासमोर गिळायची आणि जीभ वर करून दाखवायची. एकदा मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली फोन धरून त्यांची जीभ बघितली आहे. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, शाळेतल्या मुलासारखा आ करायचा.

गोळी लागू पडली. मी सातला घरी यायची तेव्हा ते गाढ झोपलेले असायचे. कपाळ कोरडं, हात सैल. मी त्यांच्याकडे बघत उभी राहायची आणि मला इतकं बरं वाटायचं की विचारू नका. एकदा साडेआठच्या सुमाराला त्यांना जाग आली. म्हणाले, "चालू कर." मी यंत्र चालू केलं, पण त्यांच्या बोटांत जोर नव्हता. पडद्यावर शेंबडं उभं होतं, त्यांच्या पाळीची वाट बघत. त्यांचे डोळे पुन्हा मिटले. मी हळूच म्हटलं, "उद्या खेळू," आणि बंद केलं.

असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही फार छान सांभाळलंत, काही त्रास झाला नाही त्यांना. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगितलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला लावले, तिथेही हेच सांगितलं. मला त्याचा आधार होता. वाचवता आलं नाही, पण दुखू दिलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने आई आणि मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "बाबा कसले हट्टी. गोळ्या साठवत बसले. मी खेळात उगाच शिकवलं त्यांना."

आईचा हात थांबला. "तू कशाला शिकवतेस," ती म्हणाली. "त्यांनी कधी काही साठवलं का? चारची गोळी घेतली की रात्री नऊपर्यंत डोळा उघडायचा नाही. म्हणून घ्यायचे नाहीत. म्हणायचे, पोरगी सातला येते."

अकराच्या अकरा गोळ्या चारच्या होत्या. सकाळची आणि रात्रीची मी स्वतः हातावर ठेवायची, त्यांतली एकही त्यांनी चुकवली नव्हती. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर माझं पोट चालतं आणि मला हे दिसलं नव्हतं.

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. आवाज चढला माझा. "तू तरी सांगायचंस. त्या दिवशी तू तिथे दारातच उभी होतीस."

"त्यांनी शपथ घातली होती," आई म्हणाली. "आणि तुला कळलं असतं तर तू खेळली असतीस का त्यांच्याबरोबर?"

नसते खेळले. मी त्यांना गोळी देऊन झोपवलं असतं. शेवटी तेच तर केलं. त्यांना न दुखता सतरा दिवस नको होते, दुखत दुखत दीड तास हवा होता, आणि तो मी काढून घेतला. बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते बरोबरच म्हणतील.

पण मला खातं ते वेगळंच. त्या डिसेंबरात मी रोज सातला आले नव्हते. आठवड्यातून एखाद्या दिवशी मी आठला यायची आणि दारातूनच म्हणायची, "ट्रॅफिक, बाबा, काय सांगू." ट्रॅफिक नसायचा. ऑफिसखालच्या टपरीवर मैत्रिणींबरोबर चहा पीत, हसत उभी असायची मी, घरी जायच्या आधी जरा मोकळं वाटावं म्हणून. घरी बाबा चार वाजल्यापासून बसलेले असायचे.