माझ्या सुनेची दोन नावं

बायांनो, आज परभणीच्या एका हापिसात जाऊन आले अन् तोंड कडू झालंय.

माझी नात जर्मनीत लगीन करायलीय. तिथले लोक तिच्या जन्माच्या दाखल्यावर आपल्या सरकारचा शिक्का मागायलेत, त्याबगर लगीन नोंदवत न्हाईत. म्हणून मी अन् तिची आई, म्हंजे माझी सून, दाखला घेऊन गेलो.

बाबूनं कागद चाळले. "दाखल्यावर आईचं नाव मंगल, आधारवर वैशाली. पोरीला आया किती?"

बाबू अन् रांगेतले फिदीफिदी हसले. सून मान खाली घालून उभी.

मी म्हणलं, "दात नको काढू. बाई एकच हाय, नाव मी बदललं."

माझ्या नणंदेचं नावबी मंगल. एका हाकेला दोघी ओ देतील म्हणून मी लग्नात तांदळावर अंगठीनं वैशाली लिवायला लावलं. बाळंतपण माहेरी झालं, सुनेच्या बापानं दाखल्यावर मंगलच सांगितलं.

"मग दोन्ही नावाची बाई एकच, असं शपथपत्र आणा."

बाहेर टाईप करणाऱ्यानं सुनेला इचारलं, "ताई, खरं नाव कोणतं टाकू?"

माझ्याकडं न बघता ती म्हणली, "मंगल."

कागद झाला, शिक्काबी बसंल. बाबूची किळस आलीच, पण त्याच्याहून माझी मला जास्त आली. ती नणंद वर्षातून दोनदा यायची, तेवढ्यासाठी मी सुनेचं नाव पुसलं.

तुमी बदललं का सुनेचं नाव? तिला इचारलं होतं? मी न्हाई इचारलं.